टॉक टॉकचा 'स्पिरिट ऑफ ईडन' (१९८८): चार्टवरून उतरून शांततेकडे गेलेला बॅन्ड

मंद्रसप्तक

टॉक टॉक या बॅन्डवर इथे स्वतंत्र धागा नाही, म्हणून काढतोय. रॉक न ऐकणाऱ्यांनीही वाचावा, कारण या अल्बमची गोष्ट फक्त रॉकपुरती नाही.

बॅन्ड लंडनचा, १९८१ साली सुरू झालेला. गायक मार्क हॉलिस, बेसवर पॉल वेब, ड्रमवर ली हॅरिस आणि कीबोर्डवर सायमन ब्रेनर. कंपनी ईएमआय. त्या वेळी ईएमआयकडे ड्युरान ड्युरान हा पॉप बॅन्ड होता आणि त्यांचा वारू चौखूर उधळला होता. टॉक टॉकला त्यांच्यासोबत दौऱ्यावर पाठवलं, पहिल्या अल्बमला निर्माताही त्यांचाच दिला, कॉलिन थर्स्टन. 'द पार्टीज ओव्हर' (१९८२) ऐकला की तो साचा लगेच कळतो. सिंथेसायझरचे थर, घट्ट ठेका, रेडिओला सोयीची लांबी. गाणी वाईट नाहीत, पण हॉलिसचा आवाज त्यात उसना कोट घातल्यासारखा वाटतो.

पुढे ब्रेनर गेला आणि टिम फ्रीज-ग्रीन आला. हा माणूस बॅन्डचा अधिकृत सदस्य कधीच झाला नाही, पण इथून पुढची बहुतेक गाणी हॉलिसने त्याच्यासोबत बसून लिहिली आणि निर्मातापदही त्याच्याकडेच राहिलं. 'इट्स माय लाइफ' (१९८४) युरोपात गाजला. त्याचं शीर्षकगीत २००३ साली नो डाउट या बॅन्डने पुन्हा गायलं, ते बऱ्याच जणांना माहीत असेल. मग आला 'द कलर ऑफ स्प्रिंग' (१९८६). ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलेला हा त्यांचा सर्वात यशस्वी स्टुडिओ अल्बम. 'लाइफ्स व्हॉट यू मेक इट' त्यातलंच.

आणि १९८८ च्या सप्टेंबरात 'स्पिरिट ऑफ ईडन'. सहा गाणी, साधारण एकेचाळीस मिनिटं, आणि त्यात रेडिओवर लावता येईल असं काहीच नाही.

सुरुवात सांगतो. 'द रेनबो' सुरू होतं तेव्हा आधी काही ऐकूच येत नाही. मग तंतुवाद्यांचा एक पुसट धागा, त्यावर हेन्री लाउदरचा म्यूट लावलेला ट्रम्पेट, दूरच्या खोलीत वाजावा तसा. मधेच काहीतरी खरखरतं, घासलं जातं. ठेका नाही. जवळजवळ दोन मिनिटं हेच. मग एक गिटार येते, ब्लूजच्या वळणाची, सूर ओढत ओढत. तिच्यामागून ड्रम येतात. आणि हे सगळं अंगवळणी पडतंय तोवर मार्क फेल्थमचा माऊथ ऑर्गन ॲम्प्लिफायरमधून फाटून बाहेर पडतो. माऊथ ऑर्गन म्हटल्यावर आपल्या डोक्यात जुन्या हिंदी गाण्यांतला गोड आवाज असतो. हा तसा नाही, हा ओरडतो.

'द रेनबो', 'ईडन' आणि 'डिझायर' ही तीन गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, रेकॉर्डची अख्खी पहिली बाजू एका दमात जाते. 'डिझायर'मध्ये ऑर्गन आणि हॉलिसचं कुजबुजणं चालू असताना एकदम ड्रम आणि गिटार कोसळतात. म्हणून या अल्बमला 'शांत संगीत' म्हणून मोकळं होणारे लोक मला पटत नाहीत. यात जे आवाज आहेत ते त्या दशकातल्या कुठल्याही हेवी बॅन्डइतके राकट आहेत. फक्त त्यांच्या अलीकडे-पलीकडे इतकी मोकळी जागा आहे, की ते आल्यावर छातीत धस्स होतं.

आता माझा मुद्दा. या अल्बमबद्दल नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: पॉप बॅन्ड होता, एक दिवस गायकाच्या डोक्यात काहीतरी शिरलं आणि त्याने सगळं सोडून दिलं. मला हे खरं वाटत नाही. 'द कलर ऑफ स्प्रिंग' नीट ऐका. 'एप्रिल फिफ्थ' आणि 'कॅमिलियन डे' ही दोन गाणी १९८६ मध्येच जवळपास ठेक्याविना, पियानोच्या एखाद्या स्वरावर आणि श्वासावर उभी आहेत. 'लाइफ्स व्हॉट यू मेक इट'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला 'इट्स गेटिंग लेट इन द इव्हनिंग' नावाचं गाणं आहे, ते तर सरळ 'स्पिरिट ऑफ ईडन'मध्ये (पुढे या अल्बमला नुसतं 'ईडन' म्हणतो) घातलं असतं तरी खपलं असतं. म्हणजे वाट आधीच फुटली होती. अडलं होतं ते पैशाशी. सिंथेसायझर वापरतो ते परवडतं म्हणून, हे हॉलिस वेळोवेळी सांगत आला होता. खरे वादक बोलवायचे, त्यांना तासन् तास वाजवू द्यायचं, त्यातलं बहुतेक फेकून द्यायचं, ही चैन होती. 'द कलर ऑफ स्प्रिंग' विकला गेला, ईएमआयने हात सैल सोडला, आणि ती चैन करता आली. हिट गाण्यांच्या पैशातून हा अल्बम झाला आहे. यशाकडे पाठ फिरवून झालेला नाही.

रेकॉर्डिंग झालं लंडनच्या हायबरी भागातल्या वेसेक्स स्टुडिओत. मुळात ते चर्चच्या आवारातलं सभागृह. किंग क्रिमसनचा पहिला अल्बम तिथला, सेक्स पिस्टल्स आणि क्लॅशही तिथेच रेकॉर्ड झाले. ध्वनिमुद्रक होता फिल ब्राऊन. त्याच्या आठवणींत त्या महिन्यांचं वर्णन आहे: स्टुडिओत जवळपास काळोख, भिंतींवर तेलाच्या प्रोजेक्टरचे सरकते रंग, ड्रमपाशी लुकलुकणारा स्ट्रोब दिवा. वादक यायचे, काय वाजवायचं याची नीट कल्पना त्यांना दिली जायची नाही, समोर चालू असलेल्या ट्रॅकवर सुचेल ते वाजवायचं. डबल बासवर डॅनी थॉम्प्सन, व्हायोलिनवर नायजेल केनेडी असे मोठमोठे लोक आले आणि तासन् तास वाजवून गेले. अल्बममध्ये त्यातले उरले ते काही क्षण.

कंपनीच्या लोकांना हे काम चालू असताना काही ऐकवलं गेलं नाही. तयार टेप ऐकल्यावर त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. 'आय बिलीव्ह इन यू' हे गाणं काटछाट करून सिंगल म्हणून काढलं, हॉलिसला गिटार घेऊन बसवून व्हिडिओही केला. त्याचा त्याला पुढे पस्तावा झाला. अल्बम एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत गेला. दौरा झालाच नाही, कारण अंधारात एकदाच सापडलेली गोष्ट मंचावर रोज रात्री तशीच्या तशी वाजवणं हॉलिसला मंजूर नव्हतं. १९८६ नंतर टॉक टॉक कधी लोकांसमोर वाजलेच नाहीत.

ज्यांनी ऐकलाय त्यांनी लिहा. ज्यांना आवडला नाही त्यांनी तर जरूर लिहा.

---

काळी_चार

सुंदर लिहिलंय. मी स्वतः ड्रम वाजवतो, म्हणून ली हॅरिसबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

'आय बिलीव्ह इन यू' घ्या. सहा मिनिटांच्या आसपासचं गाणं, आणि हॅरिस जवळजवळ एकच चक्र वाजवत राहतो. फिल नाही, भरणा नाही, एका भागातून दुसऱ्या भागात जाताना आपण सगळे जी सवयीने फिरकी घेतो ती नाही. हे करून बघा. दुसऱ्या मिनिटालाच हात शिवशिवायला लागतात. त्याचे हात शिवशिवत नाहीत, आणि ठेका यंत्रासारखाही होत नाही. प्रत्येक आघात किंचित वेगळ्या वजनाचा आहे. स्नेअर ड्रमच्या घोस्ट नोट्स (जेमतेम ऐकू येणारे हलके आघात) हेडफोनवर ऐका, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. वरून मुलांचा कॉयर, म्हणजे समूहगायन, येतो (चेम्सफर्ड कॅथेड्रलचा), तेव्हाही तो हलत नाही. नव्वद टक्के ड्रमर तिथे क्रॅश (मोठी झांज) वाजवतील.

ड्रमचा आवाजही ऐका. त्या काळातल्या रेकॉर्डवर स्नेअर म्हणजे तोफ असायची, गेटेड रिव्हर्बने (एकदम कापलेल्या कृत्रिम घुमाऱ्याने) फुगवलेली. इथे ड्रम खोलीत ठेवलेले ड्रमच वाटतात.

---

तुळशीबाग_एक्स्प्रेस

आवडला नाही त्यांनी लिहा म्हणालात, म्हणून लिहिते. मी हा अल्बम मनापासून ऐकला आहे, गाणी पुढे ढकलत नाही, मोबाइल बाजूला ठेवून. माझं मत असं, की 'द कलर ऑफ स्प्रिंग' श्रेष्ठ आहे आणि 'ईडन'मध्ये मिळवलं त्याहून जास्त गमावलं.

'लिव्हिंग इन अनदर वर्ल्ड' ऐका. स्टीव्ह विनवुडचा ऑर्गन, तोच माऊथ ऑर्गन, आणि गाणं असं चढत जातं की शेवटी हॉलिस अक्षरशः जीव तोडून गातो. त्यात प्रयोगही आहे आणि गाणंही आहे. 'ईडन'मध्ये प्रयोग राहिला, गाणं विरघळलं. मला गुणगुणता येईल असं त्यात दोन ठिकाणीच काही सापडतं. आणि शब्द! हा माणूस इतकं चांगलं लिहितो आणि मग ते तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. श्रोत्याने काय करायचं?

अवघड म्हणजे थोर, हे समीकरण आपल्याकडेही फार चालतं आणि मला ते मान्य नाही. गाणं लोकांच्या ओठांवर राहावं असं वाटणं काही हलकं नाही.

---

मंद्रसप्तक

@काळी_चार, क्रॅशचं निरीक्षण फार नेमकं आहे.

@तुळशीबाग_एक्स्प्रेस, शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. 'द कलर ऑफ स्प्रिंग' कमी दर्जाचा आहे असं मी म्हणणार नाही, 'हॅपिनेस इज ईझी' मला आजही हलवून सोडतं.

शब्दांबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. अल्बमच्या आत सगळे शब्द हॉलिसच्या हस्ताक्षरात छापलेले आहेत, तेही वेडेवाकडे, वाचायला कष्ट पडतील असे. म्हणजे शब्दांची त्याला पर्वा नव्हती असं म्हणता येत नाही. पण ते पोचवण्याचं काम त्याने उच्चारावर सोपवलेलं नाही. 'वेल्थ' ऐका. पियानो, हॅमण्ड ऑर्गन आणि आवाज, इतकंच. एकेक अक्षर इतकं ताणलं जातं की शब्दाचा अर्थ कळायच्या आधी त्यातली याचना पोचते. 'आय बिलीव्ह इन यू' हे हेरॉइनबद्दल आहे. माणसं व्यसनात कशी संपत जातात हे तो बघत होता. ते गाणं त्याने खणखणीत शब्दांत गायलं असतं तर ते प्रबोधनपर झालं असतं. आता तो दुःखाचा आवाज आहे, आणि मला तो जास्त खरा वाटतो.

गुणगुणता येत नाही हे खरंच. तो तोटा आहे, मान्य.

---

ऐकीव

मी शास्त्रीय संगीत ऐकणारा माणूस. रॉकशी माझा संबंध जवळपास नाही. धागा वाचून काल रात्री पहिली बाजू ऐकली.

मला यात विलंबित आलाप दिसला. ट्रम्पेटची ती पहिली दोन मिनिटं म्हणजे ताल सुरू व्हायच्या आधीची रागाची मांडणीच वाटली. किशोरीताईंच्या मैफलीत सुरुवातीला त्या एकेका स्वरावर थांबत, तेव्हा सभागृहात कोणी खोकलं तरी लोक वळून बघायचे. तसंच इथे. कुमारांच्या गाण्यात मधेच जो विराम यायचा, तोही आठवला. आपल्याकडे हे शेकडो वर्षं चालत आलेलं आहे, त्यांना त्यासाठी कंपनीशी भांडावं लागलं याचं नवल वाटतं.

या मंडळींनी आपलं संगीत ऐकलं होतं का?

---

मंद्रसप्तक

@ऐकीव, तुम्ही वेळ काढून ऐकलंत, फार बरं वाटलं.

हॉलिस ज्यांची नावं घ्यायचा ते जॅझमधले माइल्स डेव्हिस (ट्रम्पेटवादक) आणि गिल इव्हान्स, त्यातही त्यांचा 'स्केचेस ऑफ स्पेन' हा अल्बम, मग फ्रेंच संगीतकार देबुसी आणि एरिक साती, आणि जर्मनीचा कॅन हा बॅन्ड. तो ट्रम्पेट त्या 'स्केचेस ऑफ स्पेन'च्याच घराण्यातला आहे. म्हणून आपल्याशी थेट नातं मी जोडणार नाही.

थांबण्यातलं साम्य मलाही जाणवतं. पण एक मोठा फरक आहे. आलापात गायक त्या क्षणी, तुमच्यासमोर, एका स्वरातून दुसरा शोधत पुढे जातो. विराम हा त्याच्या विचाराचा विराम असतो. 'द रेनबो'मधली शांतता नंतर घडवलेली आहे. वादकाने तिथे भरपूर काही वाजवलेलं असणार. मग हॉलिस आणि फ्रीज-ग्रीन यांनी ते पुनःपुन्हा ऐकून एक वाक्य ठेवलं आणि आजूबाजूचं पुसून टाकलं. ट्रम्पेटवाला आणि गिटारवाला एकमेकांना उत्तर देतायत असं वाटतं, पण ते बहुधा एका वेळी त्या खोलीत नव्हतेच. तरीही तो संवाद खरा वाटतो, हे मला या अल्बमचं सर्वात मोठं कसब वाटतं.

---

पॅचबे

रेकॉर्डिंगचं काम करतो, म्हणून या शेवटच्या मुद्द्यावर थोडं तांत्रिक.

त्यांच्याकडे ३२ ट्रॅकचं मित्सुबिशीचं डिजिटल टेप मशीन होतं. त्या काळी डिजिटल म्हणजे स्वच्छ, चकचकीत आवाज, अशीच ओळख होती. यांनी त्याचा उपयोग वेगळाच केला. साध्या टेपवर तुकडा एकीकडून उचलून दुसरीकडे उतरवला की दर प्रतीमागे खरखर वाढते. डिजिटलमध्ये ती वाढत नाही. त्यामुळे माऊथ ऑर्गनचा एक तुकडा ज्या गाण्यासाठी वाजवला तिथून उचलून दुसऱ्याच ठिकाणी बसवून बघायचा, नाही जमला तर आणखी पुढे सरकवायचा, हे कितीही वेळा करता यायचं. आज आपण पडद्यावर माउसने क्लिप सरकवतो तेच काम, पण तेव्हा पडदा नव्हता. कानाने जागा शोधायची, वेळ मोजायचा, दोन मशिनं एकमेकांशी जुळवून त्या नेमक्या क्षणी आवाज उतरवायचा. चुकलं तर टेप मागे घेऊन पुन्हा.

दुसरी गोष्ट मायक्रोफोनची. ब्राऊन वाद्याच्या तोंडाशी मायक्रोफोन लावत नाही, लांब ठेवतो. लांब ठेवला की वाद्याबरोबर खोली रेकॉर्ड होते. आता मजा बघा. वेगवेगळ्या महिन्यांत वाजवलेले तुकडे एकत्र आणले, तरी त्या सगळ्यांवर एकाच सभागृहाची हवा आहे. मंद्रसप्तक म्हणतात तो संवाद खरा वाटण्याचं निम्मं श्रेय या हवेला आहे. प्रत्येक वाद्य जवळून रेकॉर्ड करून नंतर कृत्रिम रिव्हर्ब दिला असता, तर हे सगळं कात्रणांचं चिकटकाम वाटलं असतं.

आमच्याकडे मुलं येतात, सगळं घरी एकेक ट्रॅक करून आणतात आणि विचारतात, बॅन्ड वाजतोय असं का वाटत नाही. त्यांना मी हा अल्बम ऐकवतो.

---

तुळशीबाग_एक्स्प्रेस

@पॅचबे, हे मला माहीत नव्हतं, आणि यामुळे 'इनहेरिटन्स'च्या मधला भाग वेगळा कळला. ओबो, क्लॅरिनेट, बॅसून अशी फुंकून वाजवायची वाद्यं एकदम येतात आणि दुसऱ्याच मैफलीचं दार उघडल्यासारखं वाटतं. मला तो भाग आगंतुक वाटायचा. पुन्हा ऐकते.

---

दिवाणी_अर्ज

कंपनीच्या बाजूबद्दल कुणी लिहिलं नाही. वकील असल्याने मला त्यात रस.

'ईएमआयने हा अल्बम विकण्याजोगा नाही म्हणून बॅन्डवर खटला भरला' एवढंच सगळीकडे छापलं जातं. वाद मुळात करारातल्या मुदतीचा होता. अल्बम पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ईएमआयने करार पुढे वाढवायचा की नाही हे कळवायचं होतं. बॅन्डच्या मॅनेजरचं म्हणणं, ती मुदत उलटली, आम्ही मोकळे. कंपनीचं म्हणणं, आम्हाला समाधानकारक वाटेपर्यंत अल्बम 'पूर्ण' झाला असं धरायचंच नाही, म्हणून मुदत सुरूच झाली नव्हती. खालच्या कोर्टात ईएमआय जिंकली, अपिलात निकाल फिरला आणि बॅन्ड सुटला. अल्बम तांत्रिकदृष्ट्या असमाधानकारक असल्याचा कंपनीचा दावाही टिकला नाही.

म्हणजे समोर आलेली कलाकृती स्वीकारणीय आहे का, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारला गेला. माझी सहानुभूती बॅन्डकडे आहे. पण कंपनीने खुला खर्च दिला होता आणि काम चालू असताना आत येऊ दिलं जात नव्हतं, हेही विसरू नये. असा विश्वास आज कोणती कंपनी टाकेल?

पुढे ईएमआयने जे केलं त्याचं समर्थन मात्र करता येणार नाही. १९९० मध्ये 'नॅचरल हिस्टरी' हा निवडक गाण्यांचा संग्रह काढला, तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. ते ठीक. पण १९९१ मध्ये 'हिस्टरी रिव्हिजिटेड' नावाने त्यांच्या गाण्यांचे नाचायचे रीमिक्स काढले, बॅन्डला न विचारता. बॅन्डने दावा लावला आणि तो संग्रह बाजारातून मागे घ्यायला लावला.

---

अभ्रक

चर्चा उत्तम चालली आहे, पण माझ्या मते शिखर 'लाफिंग स्टॉक' (१९९१) आहे आणि 'ईडन' ही त्याची पायरी.

ईएमआयमधून सुटल्यावर ते पॉलिडॉरकडे गेले आणि अल्बम निघाला व्हर्व्ह या जॅझच्या नामांकित लेबलवर. तोवर पॉल वेबने बॅन्ड सोडला होता. 'मिरमॅन' सुरू होतं ते ॲम्प्लिफायरच्या नुसत्या घरघरीने. 'असेन्शन डे' वाढत वाढत जातं आणि मधेच कापलं जातं, कात्री मारल्यासारखं. 'आफ्टर द फ्लड'मध्ये एकच सूर मिनिटभराहून जास्त किंचाळत राहतो, आणि तेच त्या गाण्याचं सोलो. एक सूर का वाजवायचा हे कळल्याशिवाय दुसरा वाजवू नये, असं हॉलिसचं म्हणणं होतं, ते त्याने इथे शब्दशः केलं. 'ईडन'मध्ये अजून सुंदर दिसण्याची हौस आहे. बॅसून, ओबो, कॉयर. 'लाफिंग स्टॉक'मध्ये ती हौसही गेली.

आणि वारसा कुणाला मिळाला तेही बघा. समीक्षक सायमन रेनॉल्ड्सने १९९४ मध्ये बार्क सायकोसिस या बॅन्डच्या 'हेक्स' अल्बमवर लिहिताना पोस्ट-रॉक (रॉकची वाद्यं घेऊन रॉकचा साचा सोडणारं संगीत) हे नाव वापरलं आणि ते रूढ झालं. त्या बार्क सायकोसिसच्या २००४ च्या अल्बमवर ड्रम वाजवायला कोण? ली हॅरिस. वर्तुळ असं जुळतं.

---

मंद्रसप्तक

@दिवाणी_अर्ज, मुदतीचा मुद्दा इतका स्पष्ट मराठीत मी प्रथमच वाचला. लेखाच्या वरच्या बाजूला तुमच्या प्रतिसादाकडे बोट दाखवणारी ओळ टाकायची विनंती संपादकांना करतो.

@अभ्रक, 'लाफिंग स्टॉक' जास्त निर्भय आहे, हे खरं. पण मी 'ईडन'वरच अडून राहीन, आणि कारण तुम्ही दिलंत तेच. त्यात सौंदर्याची ओढ अजून आहे. 'डिझायर'मधला स्फोट इतका लागतो, कारण त्याआधीचा ऑर्गन इतका देखणा आहे. 'लाफिंग स्टॉक'मध्ये श्रोत्याला आधीच माहीत असतं की आपण कुठल्या प्रदेशात आलो आहोत. 'ईडन' त्याला हाताला धरून आत नेतो. बदलत्या आवाजाची रेकॉर्ड म्हणून मला ती जास्त मोलाची, कारण जुना बॅन्ड तिच्यात अजून जिवंत आहे. फेल्थमचा माऊथ ऑर्गन दोन्ही अल्बमवर आहे, 'द कलर ऑफ स्प्रिंग'वर आणि 'ईडन'वर. तोच माणूस, तेच वाद्य. 'लिव्हिंग इन अनदर वर्ल्ड'मधला त्याचा तुकडा आणि 'द रेनबो'मधला लागोपाठ ऐका. दोन वर्षांत काय घडलं, ते एवढ्यात कळतं.

---

ऐकीव

माझ्यासारख्या नवख्याने पुढे काय ऐकावं? एक क्रम सांगा. आणि या हॉलिस यांनी पुढे काय केलं?

---

मंद्रसप्तक

@ऐकीव, तुमच्यासाठी क्रम असा सुचवेन. आधी 'ईडन'ची दुसरी बाजू, कारण 'वेल्थ' तुम्हाला लगेच जवळचं वाटेल. मग मागे जाऊन 'एप्रिल फिफ्थ' आणि 'कॅमिलियन डे'. त्यानंतर 'इट्स गेटिंग लेट इन द इव्हनिंग'. 'लाफिंग स्टॉक' सर्वात शेवटी. मोबाइलच्या स्पीकरवर नको, अर्धं संगीत ऐकूच येणार नाही. आवाज सुरुवातीला वाढवून ठेवाल तर 'डिझायर'ला दचकाल, तेवढं लक्षात ठेवा.

हॉलिसने १९९८ मध्ये स्वतःच्या नावाने एकच अल्बम काढला. ध्वनिमुद्रक पुन्हा फिल ब्राऊन. सगळी वाद्यं अकूस्टिक, आणि समोर दोन मायक्रोफोन, खोलीत माणसं बसून वाजवतायत तसं. त्यानंतर तो संगीताच्या व्यवसायातून बाहेर पडला आणि कुटुंबात रमला. मुलाखती नाहीत, पुनर्मीलनाचे दौरे नाहीत. २०१९ च्या फेब्रुवारीत वयाच्या ६४ व्या वर्षी तो गेला. पॉल वेबने रस्टिन मॅन या नावाने पोर्टिसहेड या बॅन्डच्या गायिका बेथ गिबन्ससोबत 'आउट ऑफ सीझन' (२००२) केला, तोही ऐका. त्यातल्या बाईंच्या गळ्यातला दर्द तुम्हाला आवडेल अशी माझी खात्री आहे.

'वेल्थ' ऐकून झालं की इथे लिहा. शेवटी ऑर्गन किती वेळ रेंगाळतो त्याकडे लक्ष द्या. @काळी_चार आणि माझा त्यावर जुना वाद आहे. त्याच्या मते तो शेवट लांबलाय, माझ्या मते अजून अर्धा मिनिट चालला असता.